विश्लेषण : सूर्यप्रकाश आणि पाणी यांतून थेट हायड्रोजन... पाच दशकांनंतरही प्रयोग काचपात्रातच का?

पाण्यात बुडवलेल्या एका स्फटिकावर प्रकाश टाकायचा आणि उठणाऱ्या बुडबुड्यांतून हायड्रोजन गोळा करायचा. ना सौर पॅनेल, ना इलेक्ट्रोलायझर. टोकियोतील दोन संशोधकांनी १९७२ मध्ये ही वाट दाखवली, तेव्हा इंधनाचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे, असे अनेकांना वाटले. त्यानंतर सौर पॅनेल घराघरांच्या छतावर पोहोचले, पण हा प्रयोग मात्र अजून प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडू शकलेला नाही. हरित हायड्रोजनची चर्चा जोरात असताना, हे संशोधन कुठे अडले आणि अडता अडता त्याने काय दिले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात सौर पॅनेलच्याही आधी...

प्रकाशापासून वीज म्हटले की डोळ्यांसमोर काचेखालचे निळे-काळे सिलिकॉन येते. पण हा परिणाम पहिल्यांदा दिसला तो द्रावणात. फ्रान्समध्ये १८३९ साली एकोणीस वर्षांचा एडमंड बेक्वेरेल वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. चांदीच्या क्षाराचा थर दिलेले प्लॅटिनमचे पत्रे त्याने आम्लयुक्त द्रावणात बुडवले आणि त्यावर प्रकाश पाडला, तेव्हा तारेतून वीज वाहू लागली. म्हणजे जगातला पहिला सौर घट ओला होता.

असे का होते, हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. कारण त्यासाठी आधी ‘अर्धवाहक’ म्हणजे काय, हे कळणे आवश्यक होते. ट्रान्झिस्टरच्या शोधाच्या वाटेवर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर ब्रॅटन यांनी सिलिकॉन द्रावणात बुडवून पाहिले होते. पुढे त्यांनी आणि गॅरेट यांनी जर्मेनियमचा इलेक्ट्रोड द्रावणात ठेवून पद्धतशीर मोजमापे केली. ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्धवाहक आणि द्रावण यांच्या सीमारेषेवर काय घडते, याचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला असे मानले जाते.

या अभ्यासाला सिद्धांताची चौकट दिली ती जर्मनीचे हाइन्झ गेरिशर यांनी. आई जन्माने ज्यू असल्यामुळे नाझी काळात लष्करातून काढून टाकण्यात आलेल्या या संशोधकाने युद्धानंतर आयुष्यभर याच एका सीमारेषेचा पाठपुरावा केला. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेचे ते दीर्घकाळ संचालक होते. या विषयातला कुठलाही शोधनिबंध आजही कुठे ना कुठे त्यांच्या आकृत्यांपाशी येऊन थांबतो.

द्रावणात बुडवल्यावर नेमके काय होते?

अर्धवाहकातले इलेक्ट्रॉन एरवी अणूंच्या बंधांत अडकलेले असतात. पुरेशी ऊर्जा असलेला प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटून वरच्या पातळीवर जातो आणि त्याच्या जागी रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, उरते. या दोन पातळ्यांमधले अंतर प्रत्येक पदार्थाचे ठरलेले असते. ते इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश त्या पदार्थाच्या दृष्टीने असून नसल्यासारखाच.

इलेक्ट्रॉन सुटणे ही निम्मीच गोष्ट. तो लगेच पुन्हा होलमध्ये पडला तर थोडी उष्णता निर्माण होते आणि खेळ संपतो. दोघांना एकमेकांपासून दूर नेणे महत्त्वाचे. सौर पॅनेलमध्ये त्यासाठी दोन प्रकारचे सिलिकॉन एकमेकांना जोडावे लागते. इथे ते काम नुसते द्रावण करते. अर्धवाहक आणि द्रावण एकमेकांना भिडले की सीमेवर विद्युतभाराची थोडी देवघेव होते आणि अर्धवाहकाच्या पृष्ठभागालगत एक ‘उतार’ तयार होतो. इलेक्ट्रॉन उताराच्या एका बाजूला, होल दुसऱ्या बाजूला. महागडी भट्टी नाही, अतिशुद्ध खोली नाही. पदार्थ बुडवला की जोड तयार. या विषयाचे सगळे आकर्षण या साधेपणात आहे, आणि पुढे दिसेल तसे, सगळी अडचणही.

पृष्ठभागावर आलेला होल पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ऑक्सिजन सुटतो. इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जातो आणि तिथे हायड्रोजन बनतो. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षातले अडथळे धरले तर १.६ ते २ व्होल्टची तयारी ठेवावी लागते. एकट्या सिलिकॉनला हे जमत नाही, कारण त्याच्या पातळ्यांतले अंतरच १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

टोकियोतील बुडबुडे

अकिरा फुजिशिमा १९६६ मध्ये टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्याकडे संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्या वेळी प्रकाशात ठेवलेले झिंक ऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइडचे इलेक्ट्रोड हळूहळू द्रावणात विरघळतात, हे माहीत होते. फुजिशिमांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक घेतला. हा काही दुर्मीळ पदार्थ नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला पांढरेपणा येतो तो यानेच. स्फटिकावर दिव्याचा झोत पडताच पृष्ठभागावरून वायूचे बुडबुडे निघू लागले. प्रयोग संपल्यावर पाहिले तर स्फटिक जसाच्या तसा. म्हणजे तो वायू स्फटिक विरघळून आलेला नव्हता, पाण्यातून आला होता. तो ऑक्सिजन होता.

जपानमधल्या अनेक जाणकारांनी सुरुवातीला यावर विश्वास ठेवला नाही. इतक्या कमी व्होल्टेजला ऑक्सिजन निघूच शकत नाही, असे विद्युतरसायनाच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले होते. प्रकाशाची ऊर्जा त्या हिशेबात धरलेली नव्हती, इतकेच. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाशात ऑक्सिजन निघतो, हे बेल प्रयोगशाळेत फिलिप बॉडी यांनीही १९६८ मध्ये नोंदवले होते. पण ‘हा सूर्यापासून इंधन मिळवण्याचा मार्ग आहे’ असे ठळकपणे मांडले ते होंडा-फुजिशिमा यांनी. ‘नेचर’मध्ये जुलै १९७२ मध्ये त्यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध आला. पुढल्याच वर्षी तेलसंकट उद्भवले. जपानच्या ‘असाही शिंबुन’ने १ जानेवारी १९७४ च्या अंकात पहिल्या पानावर या संशोधनाची बातमी दिली. एरवी विद्युतरसायनाच्या वाट्याला पहिले पान कशाला येते?

मग माशी कुठे शिंकली?

टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन पातळ्यांमधले अंतर ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे सुमारे ४१५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, अतिनील किंवा त्याच्या काठावरचा जांभळा प्रकाशच त्याला चालतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात. उरलेला सगळा सूर्य या पदार्थाला दिसतच नाही. म्हणून तर तो पांढरा आहे. होंडा-फुजिशिमा यांच्या गटाने खऱ्या उन्हात मोठे इलेक्ट्रोड ठेवून हायड्रोजन गोळा केला, तेव्हा सूर्याच्या ऊर्जेपैकी अर्धा टक्काही हाती लागला नाही.

आणखी एक खोट होती. या स्फटिकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनची पातळी हायड्रोजन तयार होण्याच्या पातळीच्या अगदी आसपास असते, त्यामुळे पुढे जायला जोर उरत नाही. दोन बाजूंच्या द्रावणांत आम्लतेचा फरक ठेवला किंवा बाहेरून थोडे व्होल्टेज दिले, तरच हायड्रोजन नीट मिळतो. बाहेरच्या मदतीशिवाय पाणी फोडणारा स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा इलेक्ट्रोड १९७६ मध्ये अमेरिकेत मिळाला. पण त्याच्या पातळ्यांतले अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे तो सूर्याच्या बाबतीत आणखीच आंधळा.

मग सूर्य दिसणारा पदार्थ घ्यावा, हे ओघाने आलेच. कॅडमियम सल्फाइड पिवळे, कॅडमियम सेलेनाइड गडद, गॅलियम आर्सेनाइड तर काळपट. प्रकाश ही मंडळी उत्तम शोषतात. पण पाण्यात उभी राहिली की कुंपणानेच शेत खावे तसा प्रकार होतो. होल पाण्याकडे जायचा तो स्वतःच्याच पदार्थाचा बंध तोडतो. कॅडमियम सल्फाइडमधून गंधक वेगळे होते, कॅडमियम द्रावणात उतरते. सिलिकॉनवर वाळूच्या जातीचा, वीज न वाहणारा थर चढतो आणि प्रवाह थांबतो. याला ‘प्रकाशजन्य क्षरण’ म्हणतात. कोणता पदार्थ कोणत्या द्रावणात टिकेल, याचा ऊर्जेचा हिशेब १९७७ मध्ये एकीकडे गेरिशर यांनी आणि दुसरीकडे अमेरिकेत ॲलन बार्ड व मार्क राइटन यांनी स्वतंत्रपणे मांडला. त्याचे सार बोचरे होते : सूर्य चांगला पाहणारे पदार्थ पाण्यात टिकत नाहीत आणि जे टिकतात त्यांना सूर्य दिसत नाही. गेल्या पाच दशकांतले बहुतेक काम या एका वाक्याशी झटापट करण्यात गेले आहे.

मधला मार्ग म्हणून लोखंडाच्या गंजाकडेही आशेने पाहिले गेले. गंजाचे एक स्फटिकरूप, हेमेटाइट, स्वस्त, बिनविषारी, पाण्यात टिकणारे आणि लालसर, म्हणजे बराचसा प्रकाश शोषणारे. पण त्यातला होल काही नॅनोमीटर अंतर कापतो न कापतो तोच नष्ट होतो, आणि प्रकाश शोषायला थर तर त्याच्या कित्येक पट जाड लागतो. जगभर शेकडो संशोधकांनी त्यावर उमेदीची वर्षे खर्च केली. अजून पुरेसे यश नाही.

हायड्रोजन नाही तर वीज...

१९७० च्या दशकाच्या मध्याला काहींनी पाणी फोडण्याचा नाद तात्पुरता सोडला. होलला खाण्यासाठी पाण्याऐवजी दुसरे काही द्यावे, असा विचार पुढे आला. द्रावणात पॉलिसल्फाइड घातले, की होल कॅडमियमच्या वाटेला न जाता त्यावर तुटून पडतो. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर ते पॉलिसल्फाइड पुन्हा पूर्वपदावर येते. द्रावण संपत नाही, इलेक्ट्रोड झिजत नाही, वीज मिळत राहते. अमेरिकेतील एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि इस्रायलची वाइझमन संस्था येथील गट १९७६ च्या सुमारास जवळपास एकाच वेळी इथे पोहोचले. बेलमध्ये ॲडम हेलर आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर रुथेनियमचा अतिसूक्ष्म लेप देऊन १९७८ मध्ये कार्यक्षमता १२ टक्क्यांवर नेली. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवर हुकूमत मिळवलेले हेलर पुढे मधुमेहींसाठी रक्तशर्करा मोजण्याच्या तंत्राकडे वळले, आणि रक्ताच्या अगदी छोट्या थेंबावर चालणारी मोजणीपट्टी घरोघरी गेली.

दुसरी फांदी रंगांची. पांढऱ्या ऑक्साइडला सूर्य दिसत नसेल, तर त्यावर रंगाचा रेणू बसवायचा. प्रकाश रंग शोषेल आणि इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देईल. गेरिशर यांच्या गटाने १९६० च्या दशकात हे दाखवले होते, पण सपाट पृष्ठभागावर रंग मावतो किती? स्वित्झर्लंडमध्ये मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ’रेगन यांनी १९९१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा स्पंजासारखा थर वापरला आणि कार्यक्षमता सात टक्क्यांच्या पुढे गेली.

याच फांदीला पुढे अनपेक्षित फळ लागले. होंडा यांच्याच प्रयोगशाळेत पीएचडी केलेल्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये या घटात रंगाऐवजी पेरोव्हस्काइट नावाचा पदार्थ वापरला. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि द्रावणात तो पदार्थ फार काळ टिकेना. तीन वर्षांनी द्रावणच काढून टाकून त्याजागी घन थर दिला गेला, आणि पुढचा आलेख सरळ वर गेला. आज प्रयोगशाळेतल्या पेरोव्हस्काइट घटांची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या पुढे आहे. सौरऊर्जेतील सर्वाधिक चर्चेचा पदार्थ या ओल्या शास्त्राच्या पोटी जन्मला आणि मोठा झाला तो मात्र पाण्याबाहेर पडून.

हायड्रोजनच्या आघाडीवर काय झाले?

कार्यक्षमतेचा प्रश्न तसा सुटला, पण पैसे मोजून. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत जॉन टर्नर आणि ऑस्कर खासेलेव्ह यांनी १९९८ मध्ये दोन महागडे अर्धवाहक एकावर एक रचून सूर्याची १२.४ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरवली. मात्र इलेक्ट्रोडचे आयुष्य सुमारे २० तास. अमेरिकी-जर्मन गटाने २०१८ मध्ये अशाच रचनेतून १९ टक्क्यांचा टप्पा गाठला.

डॅनियल नोसेरा यांचे ‘कृत्रिम पान’ २०११ मध्ये बरेच गाजले. सिलिकॉनचे तुकडे, स्वस्त धातूंचे उत्प्रेरक, पाण्यात टाका आणि उन्हात ठेवा. तारेविना त्याची कार्यक्षमता २.५ टक्के होती. त्यासाठी स्थापन झालेली कंपनी पुढे बॅटरीकडे वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने ती विकत घेतली. अमेरिकी सरकारने २०१० मध्ये याच उद्दिष्टासाठी कॅलिफोर्नियात पाच वर्षांना १२.२ कोटी डॉलरचे केंद्र उभारले होते. तिथले सर्वात लक्षात राहणारे काम २०१४ चे : सिलिकॉन पाण्यात शंभर तासांहून अधिक टिकवले गेले, कारण त्याला एक पातळ कवच दिले होते. हे कवच कशाचे? टायटॅनियम डायऑक्साइडचेच. सूर्य न दिसणारा, पण पाण्याला न बधणारा तो जुना पदार्थ दुसऱ्यांना वाचवण्याच्या कामी आला.

जपानने मात्र वेगळा रस्ता धरला. कार्यक्षमता कमी असली तरी चालेल, पण क्षेत्रफळ मोठे हवे. ॲलन बार्ड यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते, की अर्धवाहकाचा प्रत्येक बारीक कण हा स्वतःच एक छोटा घट असतो. तारा-इलेक्ट्रोड हवेतच असे नाही. त्या धाग्यावर काझुनारी डोमेन यांच्या गटाने १,६०० छोटी पॅनेल जोडून १०० चौरस मीटरचे शेत उभे केले. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के. यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच निघतात. हे मिश्रण स्फोटक, म्हणून ते गाळणारा पडदा पुढे जोडावा लागला आणि सुरक्षितता तपासण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम ठिणगी पाडूनही पाहिली.

कोल्हापूरशी नाते

या विषयाचा एक ठळक भारतीय अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांनी, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. व्ही. संथानम यांनी या क्षेत्रात काम केले. दोघांनी मिळून संपादित केलेला ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सातत्य पाहायचे तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जावे लागते. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, सी. एच. भोसले, पी. एस. पाटील अशा प्राध्यापकांच्या पिढ्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे पातळ थरांचे इलेक्ट्रोड तयार करण्याची परंपरा उभी केली.

त्यामागचे कारण साधे आहे. परदेशी प्रयोगशाळांतली निर्वात यंत्रे विकत घेणे ग्रामीण भागातल्या विद्यापीठाच्या आवाक्यातले नव्हते. पण कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया घातलेल्या गरम द्रावणात काच उभी केली, तर तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर आपोआप बसतो. तापलेल्या काचेवर क्षाराच्या द्रावणाचा फवारा मारूनही ऑक्साइडचे थर मिळतात. द्रावणात बुडवले की जोड तयार होणाऱ्या या शास्त्राला असे बीकरमधले थर पुरतात. शेतकरी कुटुंबांतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचे पीएचडीचे विषय यातून निघाले. हायड्रोजनचा प्रश्न त्यातून सुटला नाही. पण थर बसवण्याचे तेच कसब पुढे सुपरकॅपॅसिटर आणि वायुसंवेदकांसाठी कामी आले.

स्वस्त पॅनेलपुढे टिकाव लागेल?

या शास्त्रापुढचा आजचा खरा प्रतिस्पर्धी रसायनशास्त्रात नाही, तो बाजारात आहे. सौर पॅनेल विलक्षण स्वस्त झाले. त्यांची वीज तारेने इलेक्ट्रोलायझरला दिली, की पंधरा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरते, आणि दोन्ही यंत्रे बाजारात मिळतात. एक बिघडले तर तेवढेच बदलता येते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचा भरही इलेक्ट्रोलायझरवरच आहे. प्रकाश आणि पाणी एकाच पेटीत आणण्याचा अट्टहास कशासाठी, असा प्रश्न या क्षेत्रातले संशोधकही आता उघडपणे विचारतात आणि तो रास्त आहे.

साधा हिशेब पाहा. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊर्जा पडते. दहा टक्के कार्यक्षमतेने त्यातून तासाला तीन ग्रॅम हायड्रोजन निघेल. दिवसाला एक किलो हवा असेल, तर साठ चौरस मीटरची, वायू न गळणारी, पाण्याने भरलेली पेटी उन्हात उभी करावी लागेल. तीही सौर पॅनेलपेक्षा स्वस्तात. दिवसाला सहा तास ऊन धरले आणि ती पेटी दहा वर्षे टिकायला हवी असेल, तर तिने सुमारे २२ हजार तास काम केले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या उत्तम उपकरणांचे आयुष्य अजून बहुधा शेकडो तासांतच मोजले जाते. त्यामुळे नव्या शोधनिबंधांत कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी आता आणखी एक आकडा वाचकांची नजर शोधते : इलेक्ट्रोड किती तास टिकला.